विरजणापुरता भुसा

बुधवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. ओतिलिया काइचेओने स्वतःच्या खुराड्याला आतून कडी घातली. आत ती आणि तिच्या बासष्ट कोंबड्या. बाहेर पावसात सहा शेजारणी फावडी घेऊन उभ्या. सोबत अंडी विकणाऱ्या महिला संघाचा तंत्रज्ञ फाबियान ओयार्सो, चुन्याची पोती आणि पाण्याचा पाइप.

जुलै, म्हणजे चिलीच्या चिलोए बेटावर ऐन हिवाळा. पाऊस सलग एकोणीस दिवस पडत होता. शुक्रवारी तपासणी होती. संघाचा नियम एका ओळीचा: खुराड्यातली जमीन दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर अंड्यांवर शिक्का नाही, आणि शिक्क्याशिवाय बाजारात जागा नाही.

ओतिलियाच्या खुराड्यातली जमीन मार्चपासून कोणी पाहिलेली नव्हती. वर वीतभर जाडीची लाकडी भुशाची गादी होती. ती रोज दाताळ्याने खालीवर करायची, पाण्याच्या भांड्याजवळचा ओला गोळा उचलून टाकायची आणि वर कोरडा भुसा पसरायची. काढायची मात्र नाही.

"दोन्या ओतिलिया, कडी काढा," फाबियान अदबीने म्हणाला. "मिंगा आलीय तुमच्यासाठी. तासाभरात धुऊन निघेल सगळं."

"मिंगा मी बोलावली नाही."

शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या. गावाने मिळून फुकट करून दिलेल्या कामाला इथे कोणी नाही म्हणत नाही.

"धुऊन निघेल, मग वाळेल कधी?" ओतिलियाने विचारले. "नोव्हेंबरात?"

"खाली चार महिन्यांची घाण आहे, दोन्या."

"वास येतोय का? नाक आहे ना तुम्हाला?"

वास ओल्या लोकरीचा येत होता, आणि तो बाहेरच्यांचा होता.

तिने तळापासून मूठभर भुसा उपसला आणि जाळीच्या फटीतून त्याच्या हातावर ठेवला. "पिळा."

फाबियानने पिळला. थेंब पडला नाही. मूठ उघडली तसा भुसा भुरभुरला. तो कोमट होता. फाबियानने मूठ पुन्हा मिटली.

"नियमात मूठ नाही," तो म्हणाला. "जमीन आहे."

"जमीन बघायचीय? तुमच्या बुटांखाली बघा."

शेजारणींपैकी इर्मा बार्रियाने फावडे भिंतीला टेकवले. तिने गेल्या गुरुवारी आपले खुराडे खरवडून धुतले होते. सिमेंट अजून वाळले नव्हते.

"कोमाद्रे, अर्धं पोतं दे यातलं," ती मैत्रिणीच्या हक्काने म्हणाली. "विरजणापुरतं. बाकी कोरडा भुसा मी घालीन."

"इर्मा, तुझी जमीन दिसतेय," फाबियान म्हणाला. "तू पास होशील."

"मी होईन. गारठून मेलेल्या दोन कोंबड्या नापास झाल्या, त्यांचं काय?"

ओतिलियाने पोते भरून खिडकीतून बाहेर दिले. कडी काढली नाही.

"चुलीवर बटाट्याचे मिल्काओ आहेत, खाऊन जा सगळ्या," ती आतून म्हणाली. "फावडी बाहेर ठेवा."

गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाऊस थांबलेला नाही. ओतिलियाच्या दाराशी सोडलेली चुन्याची पोती भिजून दगड झाली आहेत. इर्माच्या खुराड्यातले सिमेंट आता भुशाखाली दिसत नाही. तपासणी उद्या दहाला आहे आणि यादीत दोघींची नावे आहेत.