घरचं की पाहुणं

एक्स-रे विभागात फोटो काढणाऱ्या काकांची निवृत्ती वर्षावर आली होती. ते फोटो वाचणाऱ्या डॉक्टरबाई नव्या होत्या, तेव्हा पाय जरा वाकडा ठेवला की फोटोत हाड कसं फसवतं, हे त्यांना काकांनीच दाखवलं होतं. त्यामुळे त्या सकाळी काकांनी स्क्रीनवर मांडीचा एक फोटो लावला, तेव्हा बाईंनी सहज विचारलं, "कोणाचा?"

"माझाच. महिनाभर ठणकतेय. म्हटलं, एकदा आपणही मशीनखाली झोपून बघावं."

मांडीच्या हाडाच्या मधोमध कुरतडल्यासारखा खड्डा होता.

"घरचं की पाहुणं?" काकांनी विचारलं.

ही विभागातली जुनी बोली. गाठ हाडातच उपजली तर घरची, दुसऱ्या अवयवातून आली तर पाहुणी. घरची बहुधा एकटी असते, कापून काढता येते. पाहुणी सहसा गोतावळा घेऊन येते, तिथे एक कापून भागत नाही.

"एकच तर आहे," काका म्हणाले. "हाडांचे डॉक्टरही घरचंच म्हणाले. सोमवारी तेवढं हाड काढून टाकतो म्हणाले."

बाईंनाही तेच हवं होतं. पण घरची गाठ बहुतेकदा पोरासोरांच्या वयात, गुडघ्याजवळ दिसते. आजूबाजूला वेडंवाकडं नवं हाड रचते, मांसात फुगते. इथे तसं काहीच नव्हतं. हाड गुपचूप खाल्लं गेलं होतं, आणि काकांचं वय सत्तावन्न.

"कमरेचाही काढू."

"कंबर कुठे दुखतेय माझी?"

"झोपा, काका."

बाईंनी स्वतः मशीन लावलं. फोटो आला आणि कमरेच्या हाडातला दुसरा खड्डा दोघांना एकदमच दिसला. काकांनी फोटोच्या कोपऱ्यातल्या डाव्या-उजव्याच्या खुणेवर बोट ठेवलं.

"खूण उलटी लावलीत," ते म्हणाले. "डावी बाजू आहे ती."

बाईंनी हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. "एका फोटोवरून ऑपरेशन थांबवू?" ते वैतागले.

"फोटोवरून शंका आलीय. गाठीचा तुकडा तपासून खात्री होईपर्यंत हात लावू नका."

सोनोग्राफीत मूत्रपिंडात लिंबाएवढी गाठ सापडली. तुकड्याच्या तपासणीतही हाडातलं पाहुणं तिथूनच आल्याचं निघालं. मग हाड न कापता आत सळई घालून पाय सावरला आणि औषधं सुरू झाली.

वॉर्डात काकूंनी बाईंचे हात धरले. "तुमच्यामुळे पाय वाचला म्हणे. आता बरे होतील ना?"

काकूंच्या पाठीमागून, खाटेवरून काकांनी हळूच 'सांगू नका' अशी मान हलवली. बाई म्हणाल्या, "चालायला लागतील लवकर."

काका काठी टेकत पाच महिने चालले. मग अंथरूण धरलं. काकूंना खरं काय ते शेवटी बाईंनीच सांगितलं. काकू रडल्या नाहीत. हातातलं पांघरूण घडी करत एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी सांगितलं असतंत, तर हे पाच महिने मी त्यांच्याशी भांडले नसते."