राधाच्या नावाचा पास

“परत फोटो? गेल्या सालचे काय उंदरांनी खाल्ले?”

नळावर कळशी घासता घासता कौसल्याबाई पुटपुटल्या. पुटपुटणं स्वतःशीच होतं, पण इतक्या बेताचं, की शेजारी बादली लावून उभ्या असलेल्या परबांच्या सुनेला अक्षर न् अक्षर ऐकू जावं.

“सहा महिन्यांवरचे चालत नाहीत, काकी,” सून म्हणाली. “आणि मागच्यात माझा एक कान पदराखाली गेला होता.”

“कान बघून धाडतात होय आफ्रिकेला?”

“दोन्ही दिसले पाहिजेत म्हणतो फोटोवाला.”

कौसल्याबाईंना यावर काहीतरी म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. मग कळशीत पाहिलं आणि आज पाण्याला जोरच नाही म्हणाल्या. लालबागच्या त्या चाळीत परबांच्या सुनेशी बोलताना प्रत्येकाचं असंच होई. बोलणं एका ठरावीक जागेपर्यंत येई आणि तिथून पाण्याकडे, रेशनकडे, नाहीतर संयुक्त महाराष्ट्राकडे वळे.

एकोणसाठ सालची दिवाळी नुकतीच उलटली होती. मुंबईसह महाराष्ट्र होणार, हे आता विरोधकही मान्य करू लागले होते. परबांच्या सुनेचा नैरोबीचा कागद मात्र अजून व्हायचा होता.

तिचं माहेरचं नाव बकुळा. भोईवाड्याच्या दत्ताराम गावड्यांची थोरली. सातवी पास झालेली, इंग्रजी अक्षरं जुळवून वाचणारी. चोपन्न सालच्या वैशाखात तिचं लग्न झालं तेव्हा रघुवीर परबाने ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘राधा’ असं लिहिलं. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले आणि बकुळा गेली ती गेलीच. आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. कपाळावरचं कुंकू जसं, तसं नवं नाव. मी मात्र तिला बकुळाच म्हणणार आहे. निदान एका ठिकाणी तरी तिचं नाव राहू दे.

लग्नानंतर अठराव्या दिवशी रघुवीर मोंबासाच्या बोटीत बसला. तिथून पुढे नैरोबी, एका कचेरीत कारकुनी. परदेशी निघालेल्या मुलाचं आधी लग्न उरकून टाकायची घाई तेव्हा घरोघर असे. अजूनही आहे, उगाच आपण सुधारलो असं म्हणू नये. बोटीचं तिकीट आधी निघतं, मुलगी मागाहून बघतात. मुलीला पसंती विचारायला वेळ नसतो, मुलाला विचारायची गरज वाटत नाही. बोट सुटली की लोक मुलीच्या बापाला म्हणतात, नशीब काढलंस हो. आणि मुलगी सासरच्या चुलीपुढे जाऊन बसते, कागद येईपर्यंत.

परबांकडे ती चूल मोठी होती. सासूबाई, सुंदराबाई, गिरणीतल्या गाववाल्यांची खानावळ चालवीत. दोन पाळ्यांचे मिळून पंधरा-सोळा पुरुष जेवायला असत. भाकऱ्या बकुळाच्या, आमटी सुंदराबाईंची. सासरे बाबुराव गिरणीतून नुकतेच निवृत्त झालेले, दाराशी बसून पेपर वाचणारे. धाकटा दीर भिवा दिवसा नोकरी करी आणि उरलेला सगळा वेळ समितीच्या कामाला देई.

घरात तिला कुणी जाचलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत सासू कजाग असावी अशी वाचकांची अपेक्षा असते. सुंदराबाई तापात तिच्या उशाशी बसत. माशाचा मधला तुकडा तिच्या ताटात पडे. कुणी विचारलं, “काय गे, सुनेचा कागद कधी?” तर त्याच पुढे होऊन उत्तर देत. छप्पन साली म्हणाल्या, गोळीबार नि कर्फ्यूत फाइल मागे पडली. सत्तावन्न साली म्हणाल्या, तिथे त्याची खोली लहान आहे. पुढे म्हणाल्या, टपालाचं काय खरं नाही हल्ली. भिवा तर मनापासून सांगे, “वहिनी, एकदा महाराष्ट्र होऊ दे. कचेऱ्या मराठीत बोलायला लागल्या की तुझा कागद पयला.”

रघुवीरची पत्रं वडिलांच्या नावे येत. सुरुवातीला शेवटी एक ओळ असे, ‘सौ. राधा हिस आशीर्वाद.’ सत्तावन्न सालापासून ती ओळ गेली आणि तिच्या जागी ‘घरात सर्वांस नमस्कार’ आलं. बकुळाने ते पाहिलं होतं. सर्वांत आपणही आलोच, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

या पाच वर्षांत तिने परदेशी जाण्याचे सगळे रस्ते पाठ करून टाकले. नोकरीवर जाणाऱ्याला परवाना लागतो आणि तो तिथल्या मालकाने मागावा लागतो. बायकोला डिपेंडंट पास मिळतो. त्याचा अर्ज नवऱ्याने तिथून करायचा, इथून कितीही फोटो काढले तरी उपयोग नाही. आणि पाहुणा म्हणून थोड्या दिवसांसाठी जायचं, तर परतीचं तिकीट आधी दाखवायचं. देवीची लस वेगळी, पीतज्वराची वेगळी. चाळीतले लोक फॉर्म घेऊन तिच्याकडे येत. समोरच्या खोलीतला आनंदा शिंपी तिनेच भरून दिलेल्या फॉर्मावर दारेसलामला गेला आणि अकराव्या महिन्यात त्याने बायकोला बोलावून घेतलं. आनंदाच्या बायकोने जाताना पेढे वाटले. बकुळाने अर्धा खाल्ला, अर्धा पदरात बांधला, आणि दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याकडे गेली.

यावेळी ती फोटो घेऊन घरी थांबली नाही. नवरा पास काढत नसेल तर आपण पाहुणी म्हणून जाऊ, परतीचं तिकीट दाखवू, पण एकदा समोर जाऊन उभं राहू, असं तिने ठरवलं होतं. लस टोचून घ्यायला जाते म्हणाली आणि एकटी फोर्टातल्या पासपोर्ट कचेरीत गेली.

कचेरीतला कारकून उतारवयाचा होता, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने तिचं नाव विचारलं, नवऱ्याचं, सासऱ्यांचं, गावाचं. मग आत जाऊन बऱ्याच वेळाने एक फाइल घेऊन आला.

“राधा रघुवीर परब?”

“हो.”

“मूळ गाव कणकवलीकडचं. लग्न मे चोपन्न. राहणार लालबाग.”

“हो.”

“मग तुमचं काम झालेलंय बाई. पासपोर्ट निघाला, तिथून डिपेंडंट पासची मंजुरी आली. मार्च सत्तावन्नला तुम्ही गेलात.”

“कुठे?”

“मोंबासाला. बोटीनं.”

बकुळाने थोडा विचार केला. “आणि परत कधी आले?”

कारकुनाने खरोखरच पान उलटून पाहिलं. “परत आल्याची नोंद नाही,” तो म्हणाला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं आपण काय बोललो ते. त्याने फाइल तिच्याकडे वळवली.

फोटोत एक बाई होती. तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. केसांचा अंबाडा, बारीक काडीचा चष्मा, दोन्ही कान स्वच्छ दिसत होते. चेहरा वाईट नव्हता. त्याखाली भोईवाडा कोर्टात केलेलं प्रतिज्ञापत्र जोडलं होतं. वरील फोटोतील बाई राधा ही माझ्या मुलाची लग्नाची बायको असून मी तिला ओळखतो. खाली सही होती. बाबुरावांची सही बकुळाला चांगली ठाऊक होती. पेपरातल्या कोड्यावर ते रोज करीत.

“तुमचं आणखी काही नाव आहे का?” कारकुनाने हळूच विचारलं.

“होतं. बकुळा.”

“त्या नावाचा कागद?”

“शाळेचा दाखला.”

“त्यावर तुम्ही कुमारी आहात.” मग तो खुर्ची पुढे ओढून, स्वतःच्या मुलीला सांगावं तसं सांगू लागला. “एका माणसाच्या नावावर एकाच बायकोला पास. दोन बायकांचा कायदा राहिला नाही, म्हणून तिला तुमच्या नावावर नेली. आता तुम्ही राधा असाल तर ती कोण, हे कुणीतरी सांगितलं पाहिजे. ज्यानं हे लिहून दिलं त्यानंच, हे खोटं होतं म्हणून लिहून द्यायला हवं. नाहीतर कागदोपत्री तुम्ही इथं नाहीच. तुम्हाला पासपोर्ट नाही. बरं, उद्या कोर्टात सोडचिठ्ठी मागितलीत, तर त्याचा वकील म्हणेल, टाकली कुठे? बायको तर त्याच्याजवळ राहते.”

बकुळाने त्याचे आभार मानले. फोटो परत पिशवीत ठेवले. येताना ट्रामऐवजी चालत आली आणि वाटेत दोनदा रस्ता चुकली, जिथे जन्मली त्या मुंबईत.

घरी पोचली तेव्हा पहिल्या पाळीचे लोक जेवून गेले होते. सुंदराबाई ताटात तांदूळ निवडत होत्या. बाबुराव दाराशी पेपर घेऊन. भिवा जमिनीवर पुठ्ठा पसरून मोर्चासाठी फलक रंगवत होता. बकुळाने हातपाय धुतले, परात घेतली, पीठ घेतलं. संध्याकाळच्या भाकऱ्या व्हायच्याच होत्या.

“दुखतां काय गो लय?” सुंदराबाईंनी विचारलं. “लस टोचली म्हणजे हात भरान येता.”

“नाही टोचली.” ती पीठ मळत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, “मामंजी, नैरोबीला माझं कसं चाललंय?”

पेपर खाली आला. बाबुरावांनी ‘म्हणजे काय’ असं विचारलं नाही. “कोणी सांगितलं तुला?” असं विचारलं.

भिवाचा ब्रश थांबला. “काय सांगितलं? वहिनी, काय बोलतेस तू?”

बकुळाने सगळं सांगितलं. बोट, पास, चष्मेवाली बाई, खालची सही. आवाज चढवला नाही. मध्ये एकदा पाण्याचा हात लावून पीठ सैल केलं. भिवा एकदा तिच्याकडे, एकदा बापाकडे बघत राहिला. चार वर्षं त्याने लालबाग-परळात घोषणा दिल्या होत्या. इथे त्याचा आवाज खाली आला.

“बाबा, खोटं आहे ना हे?” तो शेवटी म्हणाला.

“त्यानं लिहिलं होतं,” बाबुराव म्हणाले. “कागद दिला नाहीत तर मी मेलो असं समजा. पुन्हा पत्र यायचं नाही. पोटचा पोर तो. मी काय करायचं होतं?” मग बकुळाकडे वळून, “तुला इथं काय कमी पडलं, सांग. कधी वाकडा शब्द बोललो आम्ही? मुलीसारखी ठेवली.”

“ठेवलीत,” बकुळा म्हणाली. “तेच तर. एकदा हाकलून दिलं असतंत, तर मी कुठेतरी गेले असते. शिकले असते, नर्सबाई झाले असते, रडून मोकळी झाले असते. तुम्ही मला मधला तुकडा वाढत राहिलात आणि मी फोटो काढत राहिले.”

तिने परातीच्या कडेचं पीठ बोटाने पुसून घेतलं.

“उद्या माझ्याबरोबर भोईवाडा कोर्टात चला. लिहून द्या, की ती बाई तुमची सून नाही. राधा परब ती मी, आणि मी इथे लालबागला आहे. एवढंच लिहा. मग मला तुमच्या मुलापासून मोकळं होता येईल.”

“तो तुरुंगात जाईल, पोरी. मीसुद्धा जाईन.”

“जाल कदाचित.”

“मग असं काय मागतेस? म्हाताऱ्या माणसाकडे?”

“मी इथे आहे एवढंच मागतेय, मामंजी.”

बाबुरावांनी पेपर पुन्हा उचलला. वाचत नव्हते, तोंडापुढे धरला होता इतकंच. बकुळाने पहिली भाकरी थापायला घेतली, पण हात परातीतच राहिले. भिवा उठून दारापाशी जाऊन उभा राहिला, पाठ करून.

मघापासून सुंदराबाईंची बोटं तांदळात तशीच होती. त्यांनी ताट बाजूला सारलं.

“ठेवा तो पेपर,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “उद्या तिच्यावांगडा जावा नि लिवा.”

“तू गप बस. तुला कळतं का काय होईल ते?”

“पाच वर्सां गपच आसंय.” त्यांनी बकुळाकडे बघायचा प्रयत्न केला, नजर तिच्या पिठाच्या हातांपर्यंत आली आणि तिथेच थांबली. “त्या दिवशी बंदरावर मी गेलंय होतंय. ह्येंका सांगितलंय, देवळात जातंय. तिची ओटी मीच भरली. परदेसात जाता बापडी, मोकळी कशी धाडू म्हटलंय. तिना वाकून नमस्कार केल्यान माका. आणि घराक येऊन तुझ्या हातची भाकरी खाल्लंय.”

बकुळाने हाताचं पीठ पुसलं.

“ती काय मागाहून इली नाय गो. गिरगावची ती, आपल्या जातीची न्हय. तुझ्या लग्नाच्या आधी दोन वर्सां त्येचा तिच्याशी होता. माका म्हायत होता, ह्येंका म्हायत होता, चाळीत अर्ध्यांका म्हायत होता. तो बोटीत बसान जातलो नि परत येवचो नाय, ह्याच भ्या होता आमका. म्हणान घाईघाईत मुलगी शोधली. गरिबाची, चांगली, उलट न बोलणारी.”

“सुंदरा,” बाबुराव म्हणाले.

“बोलू देवा. आता नाय तर कधीच नाय.” त्यांनी या वेळी मान वर केली आणि सुनेच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. “तुका आमी सून म्हणान नाय आणली, पोरी. तेका बांदूचो दोर म्हणान आणली.”