टाकीतून भरलेली बाटली

बोअरचा नमुना घ्यायचा तर आधी पंप दहा मिनिटं चालवायचा आणि मगच बाटली भरायची, हे मी प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला घसा ताणून शिकवतो. आणि सख्ख्या बहिणीच्या शेतावर मीच माती खाल्ली.

त्या दिवशी वीज नव्हती. मला अजून चार विहिरी गाठायच्या होत्या. अंगणातल्या टाकीच्या तोटीखाली बाटली धरली, 'बोअर' अशी चिठ्ठी चिकटवली नि मोकळा झालो. टाकीत बोअरचंच पाणी असणार, असं मी गृहीत धरलं. विचारायला काय जीभ झडली होती?

अहवालात नायट्रेट निघालं अकरा. पंचेचाळीसपर्यंत चालतं; त्याहून फार वाढलं की तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नेता येत नाही. ताईने तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर डकवला आणि आल्यागेल्याला दाखवला.

गेल्या आठवड्यात तिची दोन महिन्यांची नात निळी पडली. आधी ओठ, मग नखं. बाळ पावडरच्या दुधावर होतं, आणि ते कालवायचं बोअरच्या पाण्यात. डॉक्टरांनी वेळेवर इंजेक्शन दिलं म्हणून सावरलं. त्यांनी पाण्याचं विचारलं तेव्हा ताई छातीठोकपणे म्हणाली, "माझ्या भावाने तपासलंय." मग सगळं खापर सुनेवर फुटलं. बाटल्या धुता येत नाहीत, लक्ष नाही, आई व्हायची अक्कल नाही.

हे सगळं ताई मला फोनवर सांगत होती. बोलता बोलता म्हणाली, "तू आलास तेव्हा तर बोअर बंदच होता रे, टाकीत टँकरचं पाणी होतं."

मी फोन ठेवला. तशीच गाडी काढली, घड्याळ लावून पंप चालवला, बाटली भरली. आज सकाळी आकडा आला: एकशे तीस. गोठ्याचं सांडपाणी बोअरपासून दहा पावलांवर मुरतंय, शेतात वर्षानुवर्षं युरिया ओतला जातोय, खाली पाणी उरलंय घोटभर. दुसरं काय होणार?

आजच बाळ दवाखान्यातून घरी येणार होतं. पाणी मध्यंतरी बिघडलं असेल, एवढं म्हटलं की मी सुटलो असतो. लाज वाटते, पण ते वाक्य मी वाटभर घोकत गेलो.

घरात शिरलो तर बाळ आलेलं होतं आणि भाचेसून दुधाची तीच बाटली पुन्हा पुन्हा धूत होती. शेगडीवर पाणी उकळत होतं. "वीस मिनिटं उकळवतेय, मुद्दाम," ताई म्हणाली. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. मी गॅस बंद केला.

"हे बाळाला देऊ नका. मी तेव्हा टाकीतलं पाणी नेलं होतं. बोअर तपासलाच नव्हता."

"मग तो कागद?" ताईने विचारलं.

"टँकरच्या पाण्याचा. चूक माझी आहे."

मग मीच भडाभडा बोलत सुटलो. बाळाला दुसरीकडचं पाणी, सांडपाण्याचा चर आजच लांब वळवायचा, माती तपासूनच खत, दर महिन्याला नमुना. कामाचं बोललं की माणसाला उगाच बरं वाटतं.

"मामा," भाचेसून मध्येच म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं ना?"

"नाही गं. काहीच नाही."

"मग मला नको, आईंकडे बघून सांगा."

मी सांगितलं. माझ्या चुकीपायी सुनेसमोर मान खाली घालावी लागली ती ताईला.