खंडेनवमीचा टॅग

"कुणी कुणाला काय सांगितलं, तेवढंच सांगा," एचआरचे साहेब म्हणाले, आणि बाहेर बाकावर बसलेल्या दुर्गाबाईंनी ॲप्रनचा खिसा मुठीत धरला. केबिनचं दार अर्धं उघडं होतं. आत सुपरवायझर नवनाथ उभा होता.

"प्रेस बंद ठेवायला सांगितलं होतं, सर."

"कुणी? कुणाला?"

"म्हणजे... सगळ्यांना माहीतच होतं."

सकाळपासून असंच चाललं होतं. साहेबांच्या प्रश्नात चांगली दोन माणसं मावत होती, उत्तरात एकही नसायचं. सांगितलं होतं, बघितलं गेलं, राहून गेलं. निघोज्याच्या कारखान्यातल्या त्या प्रेस शॉपमध्ये जणू भुतंच कामाला होती, तीही तीन शिफ्टमध्ये.

कागदावर नाव उरलं होतं एकच, प्रेस चालवणारी दिपाली. ‘चालवू नका’ असा लाल टॅग लावलेला असताना तिने पत्रा दाबायची ती बिघडलेली प्रेस चालवली, उजव्या हाताची दोन बोटं गेली, चूक तिची. पिंपरीला हॉस्पिटलात पडलेली पोर काय बोलणार?

पण टॅग तेव्हा प्रेसवर नव्हताच. तो दुर्गाबाईंच्या ॲप्रनच्या खिशात होता.

खंडेनवमीला मशिनी पुसून हळदकुंकू वाहायचं काम अकरा वर्षं त्यांच्याकडेच होतं. "मावशी, ते लाल काढा बरं, फोटोत चांगलं दिसत नाही," नवनाथ म्हणाला होता. त्यांनी काढला, हार घातला, पेढे वाटले. दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला दिपालीने बटण दाबलं.

तेव्हापासून दोनदा इंद्रायणीच्या पुलावर थांबून त्यांनी तो टॅग फेकायला बाहेर काढला होता. दोन्ही वेळा तो पुन्हा खिशातच ठेवला.

नवनाथ बाहेर आला. वाकून हळूच म्हणाला, "साहेब फिरवून फिरवून विचारतात. ‘माहीत नाही’ म्हणायचं. तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय ना, मावशी?"

त्या आत जाऊन बसल्या, तेव्हा साहेबांनी खरंच प्रश्न फिरवला. "तुम्हाला कुणी काय सांगितलं होतं?"

या वेळी ‘तुम्हाला’ सगळ्यात आधी आलं. दुर्गाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"नवनाथनं मला सांगितलं, टॅग काढा. म्या काढला. परत लावायचं म्याच इसरले." त्यांनी साहेबांसमोरच्या कागदाकडे बोट केलं. "दिपालीला कुणीच काय सांगितलं न्हाई."

साहेबांचं पेन थांबलं. "एकदा लिहिलं, की मागे घेता येणार नाही."

"व्हय. लिवा."

सही करताना नावातला रफार दोनदा गिरवला गेला.

त्या बाहेर आल्या तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. फिटरने दुरुस्त न करता नुसती पुसून ठेवलेली ती प्रेस आता पुन्हा सुरू होणार होती. वरचा झेंडूचा हार वाळून काळा पडला होता. दुर्गाबाईंनी तो उतरवला आणि खिशातला टॅग बटणांवरच बांधला. त्याच्या कोपऱ्याला त्यांच्याच बोटाचं कुंकू होतं. एक गाठ मारली, मग त्यावर आणखी एक.

"ओ मावशी!" नवनाथ लांबून ओरडला. "कुणी सांगितलं तुम्हाला ते लावायला?"

"कुणी न्हाई," त्या म्हणाल्या, आणि खाली पडलेल्या पाकळ्या वेचू लागल्या.