माझी दहा मिनिटे

मित्रांनो, महाडच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या माळ्यावर, फाटक्या ताडपत्र्यांच्या मागे जी काळपट पेटी पडली आहे ना, ती मी. मी एक जुना यूपीएस आहे. वीज गेली की संगणकाला थोडा वेळ जगवायचे, एवढेच माझे काम. माझ्या पोटात एक बॅटरी असते. वीज असताना ती भरून घ्यायची आणि वेळ आली की ओतून द्यायची. मला ना पडदा, ना अक्षरांची बटणे. त्यामुळे माझ्याकडे मुद्दाम बघायला कोणी येत नाही. टेबलाखाली होतो तेव्हा पाय पसरताना लाथ मात्र सगळे मारत. राग मानू नका, म्हातारपणी जीभ जरा कडू होते.

ठाण्याकडच्या एका लहान कारखान्यात मी तयार झालो. तिथल्या बाईने माझ्या तारा जोडल्या, मला भरले, मग वीज तोडून घड्याळ लावले आणि कागदावर लिहिले, ‘दहा मिनिटे.’ तीच माझी जन्मपत्रिका. एकोणीसशे नव्याण्णव साली जुल्फिकारशेठच्या ट्रकमधून, सिमेंटच्या गोण्यांवर बसून, मी महाडला आलो.

हे ट्रान्सपोर्ट ऑफिस शेठचेच; माडीवरचा संगणक त्यांना हवा होता मालाच्या पावत्या छापायला. पण त्यांची मुलगी मासूमा पुण्याहून संगणकाचे शिक्षण घेऊन आली होती. तिने तो संगणक कधी आपलासा केला, हे शेठनाही कळले नाही. तिचा चुलत भाऊ जुनैद कुवेतची नोकरी सोडून परतला होता. आता स्वतःची सॉफ्टवेअरची कंपनी काढायची, हे त्याच्या डोक्यात पक्के बसले होते. तिसरा पोलादपूरचा स्वराज. तो शाळांचे वेळापत्रक आपोआप लावणारा प्रोग्राम लिहीत होता. तिघांचे दुखणे एकच. आपण जे बनवतो ते दाखवायचे कोणाला? गावात कोणाला सांगितले तर तो विचारी, "टीव्ही दुरुस्त करता का?"

मग ते एकमेकांनाच दाखवू लागले. शुक्रवारी नमाजनंतर ऑफिस बंद असे. स्वराज एसटीने येई. माडीवर चढता चढताच विचारी, "सध्या काय चाललंय?" त्यामुळे त्या बैठकीचे नावच ‘सध्या’ पडले. पुढे बिरवाडीचे, नाते गावचे आणखी चौघे येऊ लागले. कोणाचे काम कधी पुरे झालेले नसे. सगळे ‘सध्या चालू’ असे.

जुनैद बोलायला लागला की थांबत नसे. एका शुक्रवारी तो ट्रकांच्या फेऱ्या लावणारा प्रोग्राम दाखवत होता. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर झापड आली होती. तेवढ्यात वीज गेली आणि मी टूं टूं करू लागलो. पडदा विझण्याच्या भीतीने जुनैदने उरलेले सगळे भराभर सांगून टाकले, आणि पहिल्यांदाच ते सर्वांना समजले. स्वराज म्हणाला, "जुनैदभाई, तुमच्यापेक्षा ह्या पेटीला अक्कल जास्त हाय."

त्या दिवसापासून नियम झाला. दर शुक्रवारी एकाची पाळी. त्याने बोलायला सुरुवात केली की भिंतीवरचे बटण बंद करायचे. मी जगवीन तेवढा वेळ त्याचा. पडदा विझला की टाळ्या.

खरे सांगतो मित्रांनो, मला ते फार आवडले. टाळ्या बोलणाऱ्यासाठी असत, पण मी त्या मनातल्या मनात वाटून घेई. माझ्यासारख्या बॅटरीला असे पुन्हा पुन्हा तळापर्यंत उपसले की ती खंगत जाते. माझ्याबरोबर आलेल्या कागदावर तसे छापलेही होते. तो कागद डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेला होता. दोन-तीन वर्षांत माझी दहा मिनिटे सातावर आली, सातांची चार झाली. पोरे हसून म्हणत, "आजोबा थकले, लवकर आटपा." तो कागद वाचा, असे मला सांगायचे असे. पण मला दुसरे काय बोलता येते? टूं टूं, बस्स.

मासूमाचा प्रोग्राम सगळ्यांत साधा होता. कोणाचे रक्त कोणत्या गटाचे, याची महाड-पोलादपूरची यादी. घाटात अपघात झाला, बाळंतपण अडले, तर रक्त देणारा माणूस पटकन सापडावा. "ह्यावर कंपनी कशी चालणार?" जुनैद विचारी. "कंपनी नको, माणूस चालता राहिला पाहिजे," असे ती म्हणे. शाळांमध्ये रक्ततपासणीची शिबिरे झाली, तिथून तिने कागद मिळवले. निम्मे तिने टाईप केले, निम्मे स्वराजने. यादीतल्या, आंबेनळी घाटाच्या बाजूच्या वाडीतल्या नाथूला तिने फोन नंबर विचारला, तेव्हा तो म्हणाला होता, "फोन नाय गो. फाट्यावर बयाबाईच्या दुकानात निरोप दे. ती खालून हाळी देते, मी येतो." मासूमाने त्याच दिवशी प्रोग्राममध्ये ‘निरोप कोणाकडे’ असा नवा रकाना केला. यादी कागदावर छापायची मात्र राहून गेली. "अजून पुरी झाली नाही. झाली की छापू," ती म्हणायची.

दोन हजार तीन सालच्या सप्टेंबरात, एका मंगळवारी दुपारी तीन वाजता, उमरठच्या वरच्या वाडीतला सोनबा धापा टाकत माडीवर आला. त्याची बायको मीना इथल्याच दवाखान्यात बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण मीनाचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट बी निगेटिव्ह. रक्तपेढी लांब, तिथून रक्त यायला रात्र होणार होती. दवाखान्यातल्या नर्सने त्याला मासूमाकडे धाडले होते.

वीज दोनलाच गेली होती, भारनियमनाची. ती सहाला येणार. मासूमाने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि माझे बटण दाबले.

मी सगळी ताकद लावली. संगणक सुरू व्हायलाच दोन मिनिटे गेली. मग यादी उघडली. मासूमाने गट टाकला. एका वेळी एकच नाव पडद्यावर येई. पहिले आले, तो माणूस कुवेतला गेलेला. दुसरे आले, तो मुंबईला. तिने तिसऱ्यासाठी बटण दाबले आणि मी संपलो. पडदा काळा झाला. खोलीत कोणी टाळी वाजवली नाही.

मासूमाने आणखी दोनदा बटण दाबले. माझ्यात टूं करण्याइतकाही जीव नव्हता. मग तिला नाथू आठवला. त्याचा गट हाच, हे तिच्या लक्षात होते. खाली शेठचा ड्रायव्हर उबेद जीप पुसत होता. तिने खिडकीतूनच ओरडून सांगितले, "उबेद, बी निगेटिव्ह रक्ताचा माणूस आणायचाय. आंबेनळीच्या फाट्यावर जा, बयाबाईला सांग, नाथूला हाळी दे म्हणावं!"

"आत्ता आणतो, बाजी," म्हणत उबेदने जीप काढली. थोरल्या बहिणीला बाजी म्हणतात, तसे तो मासूमाला म्हणे. संगणक उचलून जनरेटर असलेल्या एखाद्या दुकानात न्यावा, हे कोणालाच सुचले नाही. घाईत सुचत नाही, नंतर सगळे सुचते.

पावणेसहाला मीना गेली. मुलगी वाचली.

सहाला वीज आली. मासूमा दवाखान्यातून परतली होती. तिने तिसरे नाव उघडले. मला ते दिसत नव्हते, मी टेबलाखाली. पण तिने ते मोठ्याने वाचले, म्हणून कळले. "उबेद. निरोप कोणाकडे: खाली ऑफिसात." ते पान स्वराजने टाईप केले होते. ज्याच्या अंगात ते रक्त होते, तोच ते आणायला घाट चढून गेला होता. नाथूला घेऊन तो अजून घाट उतरत होता.

मराठीत ह्याला म्हण आहे, काखेत कळसा आणि गावाला वळसा. एरवी माणसे ती हसत म्हणतात. त्या संध्याकाळी ती कोणाच्या ओठावर आली नाही.

उबेद आला, तेव्हा मासूमाने त्याच्यापासून काही लपवले नाही. त्याने पडद्यावरचे आपले नाव मोठ्याने वाचून पाहिले. "शिबिरात बोटाला टोचलेलं, बाजी," तो म्हणाला. "कार्ड दिलेलं. मला वाटलं, माझं साधंच असेल." मग तो जिन्यावर बसून लहान मुलासारखा रडला. शेठ त्याच्या शेजारी बसले होते. मासूमाने मात्र त्या आठवड्यातच यादी छापली आणि दवाखान्यात, एसटी स्टँडवर, बयाबाईच्या दुकानात लावली. पुरी झाली नव्हती, तशीच. जुनैदने नवी बॅटरी आणली. भिंतीवरच्या बटणाला पुन्हा कोणी खेळ म्हणून हात लावला नाही.

तेरावा झाल्यावर सोनबा माडीवर आला. त्याला स्वतःचे रक्त तपासून यादीत नाव घालायचे होते. नाव घालून झाल्यावर त्याने विचारले, "त्या दिशी बंद पडलं ते कुठलं?"

मासूमाने टेबलाखाली बोट दाखवले. तो वाकला. मला वाटले, आता लाथ बसणार, आणि ती बसली असती तर मी तिला लायकच होतो. पण त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा.

"ह्याचा काय दोष नाय," तो म्हणाला. "बैल थकला तर आम्ही त्याला चढाला जुपत नाय. नुसतं बघितलं तरी कळतं. तुम्ही एवढी शिकलेली माणसं. ह्याच्याकडं बघायला कोणालाच येळ नव्हता का गो?"

मासूमा, जुनैद, स्वराज, तिघेही तिथे होते. मासूमाने टेबलाच्या पायाखालचा तो छापील कागद ओढून काढला आणि वाचायला घेतला. पुढे मोठा यूपीएस आला आणि मी माळ्यावर गेलो.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशा वस्तू असतील, माणसेही असतील, जी गुपचूप आपले काम करतात. त्यांचे कौतुक नाही केलेत तरी चालेल. त्या टाळ्यांच्या कौतुकाने मीच फसलो. फक्त अधूनमधून वाकून एवढे बघा, की ती किती थकली आहेत. आणि ते आजच बघा. मीनाची मुलगी आता चालायला लागली आहे, आणि तिला आईचा चेहरा ठाऊक नाही.