गोधडीच्या कोपऱ्यातला घास

चोरी पकडली ती माझ्या अंगठ्यामुळे. ऑनलाइन दुसऱ्या कुणाची तरी गोधडी दिसली, चारशे नव्व्याण्णव रुपयांना, आणि फोटोच्या कडेला जांभळं नेलपॉलिश लावलेला पायाचा अंगठा. तो माझा! फोटो मीच आमच्या मलकापूरच्या गच्चीवर काढलेला. खाली नावसुद्धा आमचंच, ‘तानुबाईची गोधडी’. विकणारा मात्र सांगलीचा.

तानुबाई म्हणजे माझी आत्या. सासरहून परत आली ती आमच्याकडेच राहिली. घरपट्टी, लाइटबिल, गॅस, कशावरच तिचं नाव नाही. मी दहावीत असताना तिच्या गोधड्या ऑनलाइन विकायला लावल्या आणि मोठ्या अक्षरात तिचं नाव टाकलं, तेव्हा ती फोन डोळ्यांपाशी धरून कितीतरी वेळ बघत बसली होती.

आता अंगठा बघून म्हणाली, “आगं संयोगिता, माझ्या नावाची दुसरी बाई आसंल.”

“आणि माझ्या अंगठ्याची दुसरी पोरगी?”

ती हसली. मग नाही हसली. कारण त्या सांगलीवाल्याची गोधडी एका धुण्यात उसवायची आणि शिव्या तानुबाईच्या नावानं पडायच्या.

ज्या कंपनीच्या साइटवर आम्ही गोधड्या विकत होतो, तिच्याकडे मी तक्रार केली. उत्तर आलं, नावाच्या नोंदणीचा दाखला जोडा. दाखला कुठला? अर्ज केला, पण तो मिळायला वर्ष-दीड वर्ष लागणार होतं. पण मी गप्प बसणारी नव्हते. नुकतंच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आणलेला, तोही भर सभागृहात माइक बंद पडल्यावर! मला वाटायचं, मी बोलले की जग ऐकणार.

“आपण व्हिडिओ करू,” मी अर्फाला म्हटलं. अर्फा माझी वर्गमैत्रीण, तिच्या फोनचा कॅमेरा एक नंबर. “असली कसं ओळखायचं ते मी सांगते.”

“तू आठ तास बोलशील, बाई. दोन मिनिटांत आवर.”

असली ओळखायची खूण आमच्याकडे होती. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत्या त्यात भाकरीचा वाळलेला तुकडा घालते, नखाएवढा. गोधडी उपाशी ठेवली तर पांघरणाऱ्याला झोप लागत नाही, असं तिला तिच्या आईनं शिकवलेलं. मी कॅमेऱ्यासमोर कोपऱ्याचे टाके कात्रीनं उसवले, तुकडा तळहातावर घेतला आणि म्हटलं, “हा घास नसेल, तर ती तानुबाईची गोधडी नाही!”

“लय भारी,” अर्फा म्हणाली. एका आठवड्यात एक्केचाळीस हजार लोकांनी बघितला. मी वर्गात नुसती उडत होते.

आठव्या दिवशी कंपनीनं आमचं ऑनलाइन दुकान बंद केलं. सांगलीचं नाही, आमचं. कापडात खाण्याचा पदार्थ शिवून विकतात, अशी तक्रार कुणीतरी केली होती आणि पुरावा म्हणून माझाच व्हिडिओ जोडला होता. तळहातावरचा तुकडा, माझा आवाज, सगळं. सांगलीवाल्यानं त्याच्या गोधडीखाली नवीन ओळ टाकली होती, ‘आमच्या गोधडीत शिळी भाकरी नसते.’

मी तीनदा दाद मागितली. तिसऱ्यांदा तर यापुढे घास घालणार नाही असंही लिहिलं, आत्याला न विचारता. निर्णय अंतिम आहे, एवढंच उत्तर आलं. ते मी आत्याला वाचून दाखवलं, आणि मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं. सांगता सांगता मी ओढणीनं डोळे पुसत होते.

“तू कशाला रडतीस? तू काय वंगाळ बोललीस का?” आत्या म्हणाली. “खरंच बोललीस की.”

“तुझं नाव गेलं, आत्या.”

“न्हाई, हाय की. सांगलीला.”

पंधरा दिवसांनी त्याच सांगलीवाल्याचा फोन आला. मानसिंग नाव. बोलायला एकदम गोड. “आवं तानुबाई, तुमच्यासारखा टाका आमच्या बायकांना जमत न्हाई. महिन्याला चाळीस शिवा. फकस्त त्यो घास नको.”

“फोन ठेव!” मी ओरडले. “हाच तो चोर!”

आत्यानं मला हातानं थांबवलं. “त्यावर नाव कुणाचं टाकनार?” तिनं विचारलं.

“तुमचंच की! आधीच हाय.”

आत्या हो म्हणाली. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर ती खिडकीपाशी पहिली गोधडी संपवत होती. शेवटचा कोपरा राहिलेला. सवयीनं तिनं शेजारच्या ताटलीतला भाकरीचा तुकडा उचलला, कोपऱ्यापाशी नेला आणि थांबली.

मग तो स्वतःच्या तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि कोपरा शिवून टाकला.