कमळीच्या नावावरचे सहा स्कॅन

रुग्णांच्या डोसची नोंद ठेवणारं नवं सॉफ्टवेअर आमच्या सेंटरमध्ये आलं, तेव्हा सगळ्यांत जास्त कुरकुर मीच केली होती. बावीस वर्षं सीटी स्कॅन काढतेय. कोणाला किती किरणं दिली ते आता कॉम्प्युटरने मला सांगायचं? शुक्रवारी त्याने सांगितलं, तेही लाल अक्षरांत. कमळी, पाचूबंदर, दहा महिन्यांत सहा स्कॅन. आणि सहाही वेळा स्कॅन काढणारी म्हणून नाव माझं, रोवेना.

एखाद-दुसऱ्या स्कॅनने काही बिघडत नाही, हे मीच रोज लोकांना समजावते. पण एकाच बाईला सहा वेळा मशीनमध्ये घातलं, आणि आधीचं काही विचारलंच नाही? जुने रिपोर्ट बघावेत तर तो कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलेला. कमळीला फोन लावावा तर सतत व्यस्त. आमचे डॉक्टर सुजय म्हणाले, "सोमवारी बघू." सोमवारपर्यंत मला दम निघाला नसता. जेवणाच्या सुट्टीत मी स्कूटर काढली ती थेट पाचूबंदरच्या कोळीवाड्यात. वाटेत मनातल्या मनात त्या बाईला मी आजारी पाडलं, अंथरुणाला खिळवलं. मन चिंती ते वैरी न चिंती.

कमळी बोंबील वाळत घालत होती. साठीची, काटक, मान वाकडी करून खांद्यावर फोन धरलेला. तिचं बोलणं संपेपर्यंत मी उन्हात उभी राहिले.

"मावशी, मी सीटी स्कॅनवाली. तुमचे सहा स्कॅन झालेत, ते कशासाठी?"

"मना सहा? एकदाच तर आलते. पडले तवा, डोक्याचा."

"मग सगळीकडे तुमचाच मोबाईल नंबर कसा?"

"दर्यात फोन लागत नाय, बाय. म्हनून बोटीवरची सगली मानसं दवाखान्यात माजाच नंबर देतान." आणि खारट बोटांवर तिने मोजून दाखवलं. नाखव्याचा मुतखडा, दोनदा. नाखव्याच्या आईची छाती. जाळं ओढताना खलाशी विकीला कप्पी लागली ते डोकं. त्याच्या भावाचं पोट.

पाच, आणि तिचा एक. आमचं शहाणं सॉफ्टवेअर माणसं मोबाईल नंबरावरून ओळखत होतं. त्याने अख्खी बोट एका बाईत बसवली होती.

मी तिथेच उपड्या टोपलीवर बसले. इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. कमळीने पाणी दिलं, तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे मना काय झालं का, ते बघाला तू आली?"

"हो."

"सगली ह्या फोनवर एकमेकांचं इचारतान. माजं कोनी इचारलं नव्हतं."

सेंटरला परतायची वेळ झाली होती. "पडलात तेव्हाचं डोकं आता कसं आहे, मावशी?" मी विचारलं. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि अगदी पडली त्या दिवसापासून सांगू लागली.